‘उडून गेलं’ म्हणजे कुठे गेलं?

थिनरच्या डब्याचं झाकण रात्रभर उघडं राहिलं आणि सकाळी पातळी बोटभर खाली गेलेली दिसली, की आपण सहज म्हणतो, ‘थिनर उडून गेलं.’ मराठीत रंग उडतो, झोप उडते, पैसे उडतात, आणि एकदा उडालं की पुढचा पत्ता कुणी विचारत नाही. थिनरमधल्या टोल्यूइनचा पत्ता मात्र विचारता येतो. डब्यातलं जेवढं वजन कमी झालं, तेवढंच वजन आधी त्या खोलीच्या हवेत गेलं, सकाळी दार उघडणाऱ्याच्या छातीत थोडं गेलं आणि उरलेलं खिडकीतून बाहेर पडलं. द्रवाचं बाष्प झालं, एवढंच घडलं. वजनाला कुठेही गळती नाही.

एका डब्याची ही गोष्ट हजारो पिंपं रिचवणाऱ्या कारखान्यांना लावून पाहावी. बेंझीन, टोल्यूइन, झायलीन, स्टायरीन, फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट, डायक्लोरोमिथेन या कुळाला बाष्पनशील सेंद्रिय संयुगं म्हणतात. कामावरची माणसं सरळ ‘व्हीओसी’ म्हणतात. रोजच्या तापमानालाच ती हवेत मिसळू लागतात. डायक्लोरोमिथेन ४० अंश सेल्सियसला उकळतं, अ‍ॅसिटोन ५६ला, बेंझीन ८०ला. रंगकाम, छपाई, गोंद, औषधनिर्मिती, प्लास्टिक, इंधनाच्या टाक्या, धातूच्या सुट्या भागांवरचं तेल धुणं, जिथे द्रावक, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारा द्रव आहे, तिथे ही आहेत.

ती हवेतून काढून टाकण्याची तंत्रं चांगली विकसित झाली आहेत आणि ती घडवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार आहे ती या तंत्रांची परीक्षा आपण जिथे घेतो त्या जागेबद्दल. चिमणीच्या तोंडाशी दर घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम, हा आकडा पाहून आपण कारखाना पास की नापास ठरवतो. विचारायला हवं ते हे की, वर्षभरात फाटकातून किती द्रावक आत आलं आणि ते शेवटी कुठे गेलं? हा जमाखर्च किलोमध्ये, पदार्थवार आणि जाहीरपणे मांडणं कायद्याने बंधनकारक व्हावं, आणि चिमणीची तपासणी ही त्या जमाखर्चातली एक ओळ असावी. आज ती एक ओळच अख्खं वहीखातं होऊन बसली आहे.

हवेत गेलेलं द्रावक कोणत्या रूपात परत येतं, हे जगाला कळलं ते लॉस एंजेलिसमुळे. १९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळ्यांना झोंबणारं धुरकट आवरण पसरलं आणि पुढे दरवर्षी पसरत राहिलं. कोळशाच्या आणि गंधकाच्या धुराची सवय असलेल्या जाणकारांनाही ते ओळखता येईना, कारण ते भर उन्हात वाढत होतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जैवरसायनशास्त्रज्ञ त्या वेळी अननसाच्या वासाचं रसायन शोधत होते. अननसातून निघणारी वाफ अतिथंड नळ्यांमधून न्यायची, थेंब गोठवायचे आणि ते थेंब तपासायचे, ही त्यांची रीत. तीच रीत त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५०च्या आसपास त्यांनी दाखवून दिलं की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटणारी हायड्रोकार्बनं, म्हणजे याच कुळातली संयुगं, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो. ताणून धरलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात तडे जातात, यावरून ओझोनचा अंदाज घेतला जाई. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने या निष्कर्षाला बराच काळ विरोध केला. हागेन-स्मिट मागे हटले नाहीत, आणि पुढे १९६८मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा संसाधन मंडळ काम करू लागलं तेव्हा त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले.

या इतिहासातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो ओझोन एकाही चिमणीतून बाहेर पडत नव्हता. सकाळी इथून तिथून निसटलेली बाष्पं दुपारी कुठेतरी दूर, वेगळंच रूप घेऊन लोकांच्या फुप्फुसांत उतरत होती. प्रत्येक चिमणीशी पहारा बसवला असता तरी तो वायू हाती लागला नसता. किती हायड्रोकार्बन कुठून निसटतं, याचा एकूण हिशेब लावला तेव्हाच तो पकडला गेला.

आणि ओझोन ही फक्त एक बाजू. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो; त्याची सुरक्षित पातळी सांगता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मत आहे. फॉर्माल्डिहाइडलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान आहे. इथे नाकावर भरवसा ठेवणं धोक्याचं. काही गंधकयुक्त संयुगांचा वास हवेच्या अब्जावधी भागांत एखादा भाग असला तरी येतो, म्हणून तर गळती कळावी यासाठी ती स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात. बेंझीनचा वास मात्र बहुतेकांना दशलक्षात काही भाग झाल्यावरच कळतो, आणि अमेरिकेत कामगारांसाठीची आठ तासांची मर्यादा दशलक्षात १ भाग आहे. म्हणजे वास येतो तेव्हा मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. ‘वास तर येत नाही’ हे उत्तर तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दिलं जातं तेव्हा म्हणूनच मला संताप येतो.

आता यंत्रांकडे वळू. प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायचा आहे: तुझ्यात शिरलेला रेणू पुढे कुठे जातो?

सक्रिय कार्बनपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर टाकला जातो. करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा यांपासून तो बनवतात आणि त्याच्या आत इतकी सूक्ष्म छिद्रं पाडतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. दूषित हवा त्यातून गेली की सेंद्रिय रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. चिकटतात, पण बदलत नाहीत. टोल्यूइन टोल्यूइनच राहतं, फक्त मुक्काम हलतो. एक टन कार्बन वजनाच्या दहा टक्के इतकं द्रावक धरून ठेवतो असं मानलं, तर शंभर किलो आत गेल्यावर तो भरला. त्यानंतर पंखा फिरत राहतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि हवा जशी आत येते तशीच बाहेर जाते.

याहून वाईटही घडतं. हवेत दोन-तीन द्रावकांचं मिश्रण असेल तर भरत आलेल्या बेडमध्ये, म्हणजे कार्बनच्या थरात, जड रेणू हलक्या रेणूंना ढकलून त्यांची जागा बळकावतात. मग काही काळ त्या हलक्या द्रावकाचं प्रमाण आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणाऱ्या हवेत जास्त असतं. गाळणी म्हणून बसवलेली पेटी तेवढा वेळ स्वतःच उगम होऊन बसते. हवा दमट असली, सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे गेली, की पाणीही छिद्रं अडवू लागतं. कीटोन वर्गातली द्रावकं कार्बनवर सावकाश ऑक्सिडीकरण पावतात, आत उष्णता साठते, आणि त्यातून बेड पेटल्याच्या घटना या क्षेत्रात काम करणाऱ्यांना चांगल्या ठाऊक आहेत. म्हणून ‘आमच्याकडे कार्बन बसवला आहे’ हे वाक्य ऐकलं की लगेच पुढे विचारावं: बेड शेवटचा कधी बदलला? काढलेला कार्बन कुठे गेला? वाफ सोडून त्यातलं द्रावक परत मिळवलं असेल तर फारच चांगलं. भट्टीत पाठवला असेल तरी ठीक. पण तो मागच्या आवारात उघड्यावर पडला असेल, तर उन्हाने त्यातलं द्रावक पुन्हा हवेत येतंय. इतकी यातायात करून आपण काही महिन्यांचा उशीर विकत घेतला.

थंड करून द्रावकाचा पुन्हा द्रव करणं ही हागेन-स्मिटांचीच युक्ती, मोठ्या प्रमाणावर. बाष्प दाट असेल आणि द्रावक एकच असेल तर याच्यासारखं उत्तम काही नाही, कारण माल पुन्हा पिंपात येतो. विरळ हवेसाठी मात्र ही पद्धत परवडत नाही; उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरूनही हवेचे प्रचंड झोत थंड करत बसणं शहाणपणाचं नाही.

जाळणं हा खरा नाश. साडेसातशे ते साडेआठशे अंशांना, अर्धा ते एक सेकंद, हवेत नीट मिसळून ठेवलं की बहुतेक सेंद्रिय रेणू मोडून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतात. वेळ, तापमान आणि मिश्रण, तिन्हींपैकी एक कमी पडलं तर अर्धवट जळालेले पदार्थ उरतात. चांगल्या यंत्रांत सिरॅमिकचे थर असतात. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूतली ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता ते धरून ठेवतात आणि आत येणाऱ्या गार हवेला देतात. हवेत दर घनमीटरला दीड-दोन ग्रॅम द्रावक असलं तर वेगळं इंधन जवळपास लागतच नाही. ही रचना मला फार देखणी वाटते, तो कचरा स्वतःच्याच उष्णतेवर स्वतःला संपवतो. पण एक किलो टोल्यूइन जळालं की सुमारे ३.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हवा विरळ असली तर वरून इंधन जाळावं लागतं, आणि द्रावकात क्लोरीन असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, त्यासाठी मागे वायू धुऊन काढणारा स्क्रबर हवा. प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरला तर तीनशे ते पाचशे अंशांतही काम भागतं. मात्र सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक यांनी उत्प्रेरक हळूहळू निकामी होतो, आणि निकामी झालेला उत्प्रेरक दिसायला अगदी नव्यासारखाच असतो.

जिवाणूंकडून काम करून घेणारी जैवगाळणी मला सगळ्यात भावते. कुजलेलं खत, लाकडाच्या ढलप्या, सालीचे तुकडे यांचा ओलसर थर, त्यातून सावकाश जाणारी हवा, आणि त्या थरावर वाढलेले जिवाणू आणि बुरशी. अल्कोहोल, कीटोन, एस्टर यांसारखे पाण्यात सहज विरघळणारे पदार्थ ते झपाट्याने पचवतात. हेक्झेनसारखा पाण्याशी फटकून वागणारा पदार्थ त्यांना अवघड जातो. तापमान साधारण पंधरा ते चाळीस अंश, ओल कायम, आणि हवेला थरात अर्धा ते एक मिनिट मुक्काम, एवढं पाळावं लागतं. त्यामुळे जागा खूप लागते. शिवाय हे जिवंत यंत्र आहे. कारखाना चार दिवस बंद राहिला तर ते उपाशी राहतं आणि पाचव्या दिवशी एकदम मोठा घास दिला तर त्याला तो पचत नाही. विरळ हवेचे मोठे झोत जिथे आहेत तिथे याचा विचार व्हायला हवा तितका होत नाही, असं मला वाटतं.

घरातल्या हवेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिथे फसवणूक जास्त आणि तंत्र कमी आहे. धूलिकण अडवणारी दाट गाळणी वायू अडवत नाही. ओझोन सोडणारी ‘शुद्धीकरण’ यंत्रं लिंबाच्या वासाच्या फिनेलातल्या लिमोनीनशी ओझोनची गाठ घालून देतात आणि त्यातून नवं फॉर्माल्डिहाइड तयार होतं. कुंडीतल्या झाडांची महती १९८९च्या नासाच्या एका अभ्यासावर उभी आहे. तो अभ्यास बंद पेट्यांत झाला होता. २०१९मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा हिशेबात बसवले, तेव्हा इमारतीच्या नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. झाडं जरूर लावावीत. पण नव्या प्लायवुडच्या गोंदातून येणारं फॉर्माल्डिहाइड कमी करायचं तर कमी उत्सर्जनाचं लाकूडसामान आणि उघडी खिडकी, याला तोड नाही.

आता यंत्राच्या कार्यक्षमतेचा तो प्रसिद्ध आकडा, ‘९९ टक्के’. या आकड्याने जितका भ्रम पसरवला आहे तितका क्वचितच कशाने पसरला असेल. एखाद्या रंगकामाच्या शेडमध्ये शंभर किलो द्रावक वापरलं असं धरा. हूड (वरचं बाष्प ओढणारं छत्र) आणि डक्ट (हवा नेणारी नळी) मिळून साठ किलो बाष्प ओढून भट्टीपर्यंत नेतात. भट्टीने ९५ टक्के जाळलं तर सत्तावन्न किलो संपलं. आता भट्टीवर मोठा खर्च करून कार्यक्षमता ९९वर नेली. संपलं किती? ५९.४ किलो. फायदा २.४ किलोंचा. त्याऐवजी भट्टी आहे तशीच ठेवून हूडची रचना सुधारली, शेडची दारं बंद राहतील अशी व्यवस्था केली आणि पकड साठवरून नव्वदवर नेली, तर ८५.५ किलो संपतं. फायदा २८.५ किलोंचा, जवळजवळ बारा पट. चिमणीच्या तोंडाशी मोजणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. पहिल्या कारखान्याचा दाखला उलट अधिक देखणा दिसेल, कारण जी चाळीस किलो बाष्पं चिमणीकडे गेलीच नाहीत ती त्याच्या मोजणीत येणारच नाहीत. ती दारातून गेली, छतावरच्या झरोक्यातून गेली, ब्रश धुण्याच्या उघड्या भांड्यातून गेली. सगळ्यात आधी ती तिथे उभ्या असलेल्या कामगाराच्या श्वासातून गेली.

दर घनमीटरला मिलिग्रॅम या मापातही असाच घोळ आहे. ताशी एक लाख घनमीटर हवा सोडणारी चिमणी ५० मिलिग्रॅम दाखवते. ताशी पाच किलो बाहेर. दुसरी दहा हजार घनमीटर सोडते आणि २०० मिलिग्रॅम दाखवते. ताशी दोन किलो. मर्यादा १०० असेल तर पहिली पास, दुसरी नापास, आणि शेजारच्या वस्तीला पहिलीकडून अडीचपट जास्त विष. मोठा ब्लोअर लावून चांगली हवा मिसळली की आकडा हवा तितका खाली आणता येतो. अशी पातळ करायला मिसळलेली हवा हिशेबात धरू नये असं युरोपच्या नियमांत म्हटलेलं आहे, ते योग्यच आहे. पण कोणती हवा प्रक्रियेसाठी लागली आणि कोणती आकडा खाली आणण्यासाठी, हा वाद किलोत मोजलं तर उरतच नाही.

चिमणीबाहेर किती निसटतं, याची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने दिली. २०००च्या उन्हाळ्यात त्या परिसरातल्या तेल आणि रसायन कारखान्यांवरून संशोधकांनी विमानं नेऊन हवा मोजली. इथिलीन, प्रोपिलीन यांसारख्या झपाट्याने ओझोन बनवणाऱ्या वायूंचं हवेतलं प्रमाण कारखान्यांच्या नोंदींवरून जितकं असायला हवं होतं त्यापेक्षा कित्येक पट जास्त निघालं. नोंदींत सूत्रं वापरून काढलेले अंदाज होते. प्रत्यक्षात मोठ्या कारखान्यात हजारो व्हॉल्व्ह, फ्लँज, पंपांची सीलं असतात, आणि एखादं गॅस्केट झिजलं की ते कुठल्याच सूत्रात बसत नाही. गळती हुडकून दुरुस्त करणं हे काम दिसायला किरकोळ आहे. एक माणूस मीटर किंवा अवरक्त कॅमेरा घेऊन सांधा न सांधा तपासतो, पाना फिरवतो, तारीख लिहितो. माझ्या मते हवा स्वच्छ ठेवण्याच्या कामात याच्याइतकं प्रतिष्ठेचं दुसरं काम नाही, आणि याच्याइतकं दुर्लक्षितही नाही.

जमाखर्चाची कल्पना काही माझी नाही. युरोपीय संघाने १९९९च्या द्रावकविषयक निर्देशात ती आणली आणि पुढे २०१०च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात ती कायम ठेवली. जमेला विकत घेतलेलं द्रावक आणि परत मिळवून पुन्हा वापरलेलं. खर्चाला चिमणीतून गेलेलं, सांडपाण्यात गेलेलं, मालात राहिलेलं, कचऱ्याबरोबर पाठवलेलं, जाळून संपवलेलं. एवढं मांडून जे जुळत नाही ते बहुतांशी दारं-खिडक्या-सांध्यांतून निसटलेलं, आणि त्यावरही मर्यादा, वापरलेल्या द्रावकाच्या टक्क्यांत. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गल्ल्यात पैसे कमी भरले तर ते ‘उडून गेले’ असं तो रात्री झोपताना म्हणत नाही. उणीव एवढीच की हा हिशेब मुख्यतः तपासणी यंत्रणेसाठी लिहिला जातो. फाटकाबाहेर राहणाऱ्या माणसाला तो वाचता यावा, हे मी मागतो आहे.

यावर आक्षेप येतात, आणि ते सगळेच पोकळ नाहीत.

व्यवसायातलं गुपित फुटेल, हा पहिला. वर्षभरात अमुक टन झायलीन आत आलं आणि अमुक टन हवेत गेलं, यावरून कुणाच्या रंगाची कृती कळत नाही. आणि जे दुसऱ्याच्या श्वासात जातं त्यावर मालकी सांगण्याचा हक्क, माझ्या मते, तिथेच संपतो.

लहान उद्योगांना हे झेपणार नाही, हा दुसरा, आणि याबद्दल मला खरी आस्था आहे. चार माणसांच्या छपाईखान्याला सिरॅमिकची भट्टी घ्या म्हणणं क्रूरपणा आहे. पण जमाखर्च तर त्यालाच सगळ्यात सोपा जातो: खरेदीची बिलं, वर्षअखेरचा शिल्लक साठा, टाकाऊ द्रावक उचलणाऱ्याची वजनपावती. एक पान पुरतं. आणि त्या एका पानामुळे बहुधा हेच दिसेल की सगळ्यात मोठी गळती उघड्या झाकणांची आणि उघड्या भांड्यात धुतलेल्या ब्रशांची आहे, ज्याला यंत्र लागतच नाही. कार्बनच्या पेट्या भाड्याने द्याव्यात, भरल्यावर उचलून एका सामाईक केंद्रात त्यांतलं द्रावक परत मिळवावं, ही व्यवस्था सरकारने उभी करण्यासारखी आहे.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे आणि तो मला मान्य आहे. मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत लहान आकडा हरवतो. शंभर टन द्रावकाची मोजणी तीन टक्क्यांनी इकडेतिकडे झाली, तर तीन टनांपेक्षा लहान गळती जमाखर्चात दिसणारच नाही. बेंझीनच्या बाबतीत तीन टन म्हणजे काही किरकोळ गोष्ट नव्हे. म्हणून वहीच्या जोडीला कुंपणावर मोजमाप हवं. अमेरिकेत २०१५च्या नियमाने तेलशुद्धीकरण कारखान्यांना हे लागू झालं आणि २०१८पासून प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली. कारखान्याभोवती कुंपणावर बेंझीन शोषून घेणाऱ्या छोट्या नळ्या लावतात, दर दोन आठवड्यांनी त्या बदलून तपासतात, आणि कुंपणावरच्या सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी आकड्यांतल्या फरकाची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, तर कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. आकडे लोकांना पाहता येतात. नळीला वीज लागत नाही. गळती कुठल्या सांध्यातून आहे हे तिला ठाऊक नसतं, पण गळती आहे हे ती लपवत नाही.

‘झाडंसुद्धा व्हीओसी सोडतात’ असंही ऐकवलं जातं. सोडतात. जगभरातली झाडं वर्षाला सुमारे पन्नास कोटी टन आयसोप्रीन सोडतात असा अंदाज आहे, माणसाच्या एकूण उत्सर्जनापेक्षा अधिक. पण जंगलातलं आयसोप्रीन बंद शेडमधल्या कामगाराच्या नाकाशी दिवसाचे आठ तास नसतं, आणि त्यात बेंझीन नसतं. सगळ्या संयुगांना एका मापाने मोजण्याचीच ही चूक आहे. अ‍ॅसिटोनपासून ओझोन फारच कमी बनतो, झायलीनपासून भराभर. बेंझीन ओझोनच्या बाबतीत मंद, पण रक्ताच्या पेशींना घातक. म्हणून जमाखर्च पदार्थवार हवा. ‘एकूण व्हीओसी इतके टन’ या ओळीखाली अ‍ॅसिटोनच्या आडोशाला बेंझीन सहज लपतं.

पदार्थवार नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. द्रावकच बदलणं हा सगळ्या यंत्रांपेक्षा वरचा उपाय: पाण्यावर आधारित रंग, पावडर कोटिंग, अतिनील किरणांनी सुकणारी शाई. रंगात किंवा शाईत जे नाहीच ते हवेतून काढावंही लागत नाही. पण बदलताना नवीन पदार्थ आंधळेपणाने आणला तर काय होतं, ते १-ब्रोमोप्रोपेनने दाखवलं. क्लोरीनयुक्त आणि ओझोनच्या थराला घातक द्रावकांना पर्याय म्हणून तो धातू धुण्यासाठी आणि गोंदासाठी पुढे आला. त्याच्या बाष्पात काम करणाऱ्यांचे पाय बधिर होऊ लागले, चालणं कठीण झालं. अमेरिकेने २०२२मध्ये त्याला घातक हवाप्रदूषकांच्या यादीत घातलं. मधल्या काळात किती ठिकाणी किती किलो कुणाच्या श्वासात गेलं, हे सांगणाऱ्या वह्या आधीपासून असत्या, तर निदान कुणाची तपासणी आधी करायची हे तरी कळलं असतं.

वहीचा नमुना ठरवायची वेळ येईल तेव्हा शेवटच्या रकान्यावर सगळ्यात जास्त ओढाताण होईल, याची मला खात्री आहे. जे कशातच जुळलं नाही त्या किलोंचा तो रकाना. त्याला ‘इतर’ म्हणावं, ‘नैसर्गिक घट’ म्हणावं, ‘बाष्पीभवन’ म्हणावं अशा सूचना येतील. त्या रकान्यावर ‘हवेत सोडलं’ असं लिहिलेलं असावं, आणि आकड्याखाली कारखाना चालवणाऱ्याची सही असावी.